पोटातली मोसंबी

माझ्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही, हे आधी लिहून ठेवते. आठ महिने माझं पोट दुखत होतं आणि आठ महिने घरातलं एकेक माणूस मला सांगत होतं, की तुझं पोट दुखत नाही! जसं काही पोट त्यांचं होतं आणि मला नुसतं सांभाळायला दिलं होतं.

आता पोटाला तीन भोकं पाडून मी परत पथारीवर बसले आहे. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत घालतात, ती आमची पथारी. आम्ही बाया दिवसभर देठ खुडतो. हात चालतात, तोंडं त्याहून जास्त. ऑपरेशनच्या आधीच्या दीड महिन्यात जे जे झालं, ते इथे सांगून सांगून ढीग झाला आहे. एक मिरची ओढली की चार सोबत येतात, तसंच हे.

दोन माणसं आधी सांगून टाकते. एक माझी सासू, सुपडाबाई. ती माझी सख्खी आत्या, बापाची बहीण. भावाची पोर म्हणून तिने मला सून करून घेतली, म्हणून मी तिला अजून आत्याच म्हणते. दुसरी कमल, पथारीवर माझ्या शेजारी बसते. बाकीचे येतील तसे येतील.

*

पहिल्यांदा दुखलं तेव्हा आत्या म्हणाली, "तुले काय व्हयनं? वायू शे नुसता." ओवा खाल्ला. वायू गेला असेल, दुखणं जागेवरच.

मग आत्यानेच शोध लावला, "बेंबी सरकी गयी तुन्ही!" गल्लीतली एक म्हातारी आणली. तिने मला उताणं झोपवलं, बेंबीवर पेटता दिवा ठेवला आणि वरून तांब्या उपडा घातला. दिवा विझला, तांब्या पोटाला असा चिकटला की दोघींनी ओढला तरी निघेना! मी बोंबलतेय, आणि म्हातारी खुशीत म्हणतेय, "आते कशी जागावर उनी!"

मी म्हटलं, "माझी बेंबी चाळीस वर्षं जागेवरच आहे. गेली कुठे होती?"

आत्या म्हणाली, "देख, लगेच बोलाले लागनी. गुण पडना!"

*

शेवटी कमलनेच मला सोनोग्राफीला नेलं. तिथे तांब्या-दोन तांबे पाणी पिऊन बसायचं आणि लघवी रोखून धरायची. कमल म्हणाली, "तू एकटी कशी पिशील? मी पण पिते." मला धीर यावा म्हणून माझ्याएवढंच पाणी ती पण प्यायली!

नंबर काही येईना. माझे पाय जुळले, तिचेही जुळले. ती उठून संडासाकडे पळाली, तर सिस्टरने तिला दारातच धरलं. "ताई, सोडू नका! रोखून धरा, आता तुमचाच नंबर आहे!"

"अहो, मी पेशंट नाही! पेशंट ती बसली आहे!"

सिस्टर म्हणाली, "सगळ्या असंच म्हणतात," आणि दंडाला धरून तिला परत आणून बसवलं.

*

तपासणारीने पोटावर गार चिकट मलम लावलं, यंत्र फिरवलं आणि डॉक्टरीण बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी समजावलं. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, मोसंबीएवढी. तिला पीळ बसला तर अंडाशय काळं पडेल, मग घाईघाईत मोठं ऑपरेशन करावं लागेल. त्याआधीच दुर्बिणीने काढून टाकू. मी हादरले. मोसंबी म्हणजे काय लहान वस्तू आहे का? आठ महिने मी तिला घेऊन मिरचीची पोती उचलत होते!

घरी येऊन सांगितलं. आमचे हे जेवत होते. त्यांनी घास तोंडात ठेवूनच विचारलं, "मोसंबी? यंत्र खराब असेल."

मी म्हटलं, "यंत्र खराब, पोट खरं. उद्यापासून भाकरी तुम्ही थापा."

*

आता खरी गंमत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तीन बारीक भोकं पाडतात, हे ऐकल्यावर आत्याचा उरलासुरला विश्वासही उडाला. तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन शिबिरात झालेलं. त्याची वीतभर खूण ती अजून बायांना पदर बाजूला करून दाखवते.

"तीन भोकं? मंग हाऊ कसाना आजार!"

डॉक्टरीण बाईंनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. आत पिशवी सोडायची, गाठ पिशवीत घ्यायची, तिच्यातलं पाणी ओढून घ्यायचं आणि मग बेंबीजवळून पिशवी बाहेर काढायची. आत्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि बाईंना विचारलं, "पिशवी पोटम्हाच रही गयी त?"

बाई म्हणाल्या, "आजी, मी मोजून घेते."

"सगळ्या असंच सांगतस," आत्या म्हणाली. "बाजारम्हा जाताना मी बी पिशव्या मोजीच लेस."

*

ऑपरेशनची तारीख ठरली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं.

"खोकला आहे?"

"नाही," मी म्हटलं आणि खोकले.

"हा काय मग?"

"हा खोकला नाही. हा मिरचीचा."

आता खरं सांगते, पथारीवर ठसक्याला कुणी खोकला म्हणतच नाही. ताप आला आणि खोकला आला तर तो खोकला. बाकी सगळं हवापाणी! डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला आणि तारीख पुढे ढकलली. "पंधरा दिवस मिरचीच्या जवळ जायचं नाही."

मी नाही गेले. पण आमच्यात आजारी माणसाला बघायला जायचं असतं ना! चौथ्या दिवशी कमल आणि आठ बाया काम सुटल्यावर थेट माझ्याकडे आल्या. हातपाय न धुता, पदर न झटकता. त्या ओळीने बसल्या आणि माझ्याकडे दुःखाने पाहायला लागल्या. मला पहिली शिंक आली. मग आत्याला. मग आमच्या ह्यांना. मग शेजारच्या घरातून.

मी ओरडले, "चला बाहेर! माझं पोट बघायला आल्या का छाती फोडायला?"

कमल डोळे पुसत म्हणाली, "बघा, किती त्रास होतोय बिचारीला!"

त्या दिवसापासून दारात बादली ठेवली. आधी आंघोळ, मग विचारपूस.

*

खोकला गेला. हॉस्पिटलात भरती झाले. सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे सिस्टरने तीनदा सांगितलं. दहा वाजता तिने विचारलं, "काही खाल्लं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याच म्हणाली, "नई व माय! कालदिन रातपासून उपाशी शे. काहीच नई दिधं. सकायले फक्त चहा."

सिस्टरच्या हातातला कागद खाली आला. "चहा?"

"दूध कमीच टाकेल व्हतं," आत्या म्हणाली.

पुन्हा तारीख पुढे! दुसऱ्या दिवशी पहिला नंबर. तोवर गाठीला पीळ बसला तर काय, म्हणून मी कुशीवरसुद्धा वळले नाही. आणि आत्या समोर बसून पाव खातेय. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या काढल्या, नाकातली चमकी काढली. जोडवी साबण लावून काढली. मंगळसूत्रावर गाडी अडली.

आत्या म्हणाली, नवरा जिवंत असताना ते उशीखाली ठेवायचं नाही, पिशवीत टाकायचं नाही, आणि तिसऱ्या बाईच्या हातात तर नाहीच नाही. सिस्टर म्हणाली, गळ्यात ठेवायचं नाही. दोघी हटेनात. मी मध्ये पडलेली, पोटात मोसंबी.

आत्याने इकडे तिकडे पाहिलं आणि ह्यांना हाक मारली. "इकडे ये रे! तुन्हाच नावनं शे ना? तूच घाल!"

आणि आमचे हे, मिशा राखलेला माणूस, माझं मंगळसूत्र गळ्यात घालून उभे! वर शर्टाची बटणं लावली, तरी मणी कॉलरच्या बाहेर लोंबतच होते. बाजूच्या खाटेवरची बाळंतीण हसून हसून टाके धरून बसली. हे मला हळूच म्हणाले, "लवकर बाहेर ये."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढं प्रेमाचं पहिल्यांदाच बोलले!

*

आता शेवटचा. हा ऐकून पथारीवर मुकादम सुद्धा खाली बसला होता.

ट्रॉली आली. मला वर झोपवलं. डॉक्टरीण बाई सहीचा कागद घेऊन आल्या. मी चौथी शिकले आहे, सही मला येते. पण सही करण्याआधी सगळं समजावून सांगायचा नियम आहे म्हणे. बाई म्हणाल्या, "पोटाचा मोठा फोटो काढला होता ना, त्यात स्पष्ट दिसलं आहे. तुमच्या गाठीत चरबी आहे, केस आहेत आणि बहुतेक एक दात आहे."

मी म्हटलं, "काय आहे?"

"केस. आणि दात. घाबरू नका, अशा गाठी असतात."

ह्यांचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला. माझ्या पोटात दात! आठ महिने कोणीतरी आतून चावत होतं म्हणा की!

आणि ज्या आत्याला आठ महिने गाठ पटली नाही, तिला केस मात्र एका सेकंदात पटले. तिने ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली. "कोना केस शेतस ते आधी समजाले पाहिजे. कोनी खावाडात? तवलोंग मी हिले ऑपरेशनले जाऊ देत नई!"

बाई म्हणाल्या, "आजी, कुणी खाऊ घातलेले नाहीत. ही गाठ जन्मापासूनची. आईच्या पोटात असतानाच तिचं बी पडलेलं असतं."

आत्याचा चेहरा असा उजळला! ती ह्यांच्याकडे वळली. "आईकं का? आमना घरनी नई! माहेरथून लई उनी ती!" आणि ट्रॉली न सोडता म्हणाली, "लाव तुन्ही मायले फोन. तिना तोंडथून आईकसू, मंगच सोडसू."

माझी माय खापर गावाला असते. ऐंशीच्या घरातली, कानाने कमी, म्हणून फोन स्पीकरवर. सगळा वॉर्ड कान टवकारून. मी झोपल्या झोपल्याच सगळं सांगितलं. गाठ, केस, दात, जन्मापासूनची.

माय पलीकडून मोठ्याने म्हणाली, "गरन!"

"कसलं ग्रहण, माय?"

"तू पोटम्हा व्हती तवय दिवसना गरन लागेल व्हतं. मी कोपराम्हा बठेल व्हतू. पोटुशी बाईनी हालानं नई, सुई धरानी नई, केसले फनी लावानी नई. मी सांगी ऱ्हायनू व्हतू, नको नको. पन आयकस कोन! आखाजीना सनले माहेरले येल व्हती, फनी लिसन मन्हा मांगे बठनी, म्हने वहिनी, जटा व्हई गयात तुन्हा, आनि गरन सुटापावत विंचरत ऱ्हायनी!"

ट्रॉलीची दांडी हलली. मी मान वळवून पाहिलं, तर एक हात सुटला होता.

सिस्टरला राहवेना. ती फोनजवळ वाकून ओरडली, "आजी, कोण विंचरत होतं?"

माय म्हणाली, "दुसरं कोन? सुपडी!"