शिगोशीग वाटी

काल दुपारी टीव्हीवर हॉलिवूडचा एक जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता. पुढे जिच्या नावावर थिएटरं भरायची, ती नटी त्यात नर्स होऊन जेमतेम अर्धं मिनिट दिसते. तिला वाक्य एकही नाही. दुधाचा पेला आणायचा, रुग्णापाशी ठेवायचा आणि जायचं. पण ठेवण्याआधी ती पेल्याला हाताची पालथी बाजू लावून बघते, दूध फार गरम नाही ना म्हणून. पुढे नायक-नायिका भांडत होते, मी मात्र त्या पेल्याकडेच बघत राहिले.

हे तिला कुणी सांगितलं नसणार. कॅमेरा आपल्यासाठी लावलेला नाही हे ठाऊक असूनही ती तिथे पुरती हजर होती. मोठी ती नंतर झाली. मोठं व्हायचं ठरवलं मात्र त्या रुग्णाच्या खोलीतच असावं.

आमच्या कॉलनीच्या नाटकात मला शेजारणीचं काम मिळालंय. उसनी नेलेली साखर परत द्यायची आणि निघायचं. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर चढायचं ते एवढ्यासाठी? आज हे काम नको म्हणून कळवणार होते.

संध्याकाळी दिग्दर्शकाला फोन केला.

"वाटी मी घरचीच आणते."

"काकू, रिकामी चालेल. लांबून कुणाला दिसतंय?"

"उसनी साखर परत करताना वाटी शिगोशीग भरतात," मी म्हटलं. "मी तशीच भरणार. आणि एक दाणा न सांडता अख्खं स्टेज ओलांडणार. वेळ लागेल, आत्ताच सांगून ठेवते."