कॅप्टनची बहीण

खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमच्याकडे टीव्ही एकच आणि त्यावर हक्क दादाचा. अंतराळयानाची ती मालिका आम्ही दोघं खाटेवर पाय वर घेऊन बघायचो. मालिका वर्षानुवर्षं चालली, लेखक बदलत गेले आणि आधी काय सांगून ठेवलंय याची कुणालाच शुद्ध राहिली नाही. मेलेला डॉक्टर धडधाकट परत यायचा. आपण एकुलते एक आहोत असं पहिल्याच भागात सांगणाऱ्या कॅप्टनला पुढे अचानक सख्खी बहीण निघाली.

दादा अशा चुका टिपण्यात पटाईत. पण आमचा नियम होता, चूक काढली त्यानेच ठिगळ लावायचं, म्हणजे ती चूक गोष्टीत बसेल असं कारण शोधायचं. नुसती नावं काय, कुणीही ठेवतं. कॅप्टनच्या बहिणीपाशी मात्र दादा अडला. मग मीच म्हटलं, "भांडण झालं असेल रे त्यांचं. रागाने म्हणाला असेल एकुलता एक."

"चालेल," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी शाबासकी म्हणजे खूप झालं. मी ती आठवडाभर मिरवली.

आता तो परदेशात आणि मी वाघोलीत, दहाव्या मजल्यावर एकटी. शेजारी कोण राहतं ते मला दारावरच्या पाटीवरून माहीत. दादाचा फोन सणावारी येतो, तोही आटोपता. मालिका अजून चालू आहे. हल्लीचे लेखक काही जमेनासं झालं की "ते वेगळं विश्व होतं" म्हणून हात झटकतात.

परवा त्या मालिकेच्या चाहत्यांच्या एका पॉडकास्टवर दादाची मुलाखत ऐकली. ठिगळाचा नियम त्याने झकास सांगितला. मग म्हणाला, "घरी मी एकटाच बघायचो. हा खेळ माझा माझ्याशीच." वाईट वाटलं. आणि रागही आला, चांगलाच.

भांडायचंच म्हणून फोन लावला. "ऐकली तुझी मुलाखत," एवढंच म्हटलं, तर तो इतका खूश झाला की बोलतच सुटला. मध्येच थांबून म्हणाला, "अगं, तू पण बघायचीस का तेव्हा? मला काही आठवेना."

टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. हो म्हटलं असतं तर ओशाळला असता, सॉरी म्हणाला असता आणि फोन ठेवून दिला असता. मला तो फोन संपायला नको होता.

"छे रे, मला कुठे कळायचं त्यातलं?" मी म्हणाले. "तूच सांग ना, काय गोष्ट होती ती?"

आणि दादा मला पहिल्या भागापासून सांगायला लागला.