रिमिक्समधली रिकामी जागा

लग्न करून मी रावेरहून बुऱ्हाणपूरला आले, तेव्हा यांनी मला घरातली पहिली वस्तू दाखवली ती कॉम्प्युटर. तिथल्या लालबाग भागातल्या घराच्या मागच्या खोलीत तो होता, आणि सासूबाईंनी जुन्या ओढणीचं कव्हर शिवून त्यावर घातलं होतं. गल्लीत नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. आता आपण सगळ्या जगाशी जोडले गेलो, असं तेव्हा आमच्यासारख्यांना खरंच वाटायचं.

यांचं काम शहरातल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. दहावी झाल्या झाल्या ते कामाला लागले होते. संध्याकाळी घरी आले की आंघोळ, चहा, आणि मग ती मागची खोली. लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेल्या व्हिडिओ गेमची गाणी यांच्या डोक्यात पक्की बसली होती. तीच गाणी ते कॉम्प्युटरवर नव्याने बांधायचे. त्याला रिमिक्स म्हणतात, हे मला यांच्याकडूनच कळलं. जगभरातले शौकीन आपापली रिमिक्स एका वेबसाइटवर पाठवत. तिथली काही जाणकार माणसं ती ऐकून चांगलंवाईट लिहीत आणि पसंत पडलेली साइटवर लावत. यांचं एकही अजून लागलं नव्हतं.

माहेरी मी पेटी आणि गाणं शिकले होते, दोन-चार परीक्षाही दिल्या होत्या. त्यामुळे यांना वाटायचं, घरातच जाणकार आला.

"बस इथे," एका रविवारी ते म्हणाले. "आधी मूळची धून ऐक, मग माझी. आणि खरं सांग हां. बायको म्हणून नको सांगू."

बर्फाच्या गुहेतून एकटा माणूस चालतो, त्या टप्प्याची ती धून होती. दोन-तीनच आवाज, टिपूस पडल्यासारखे, आणि मधे शांतता. ऐकताना अंगावर थंडी आली. मग यांचं रिमिक्स लागलं. सुरुवात फार गोड होती. यांनी लय संथ केली होती आणि बासरीसारखा आवाज घेतला होता. पण थोड्याच वेळात तबला आला, मागून तंतुवाद्यं आली, आणि वर झांजांसारखं काहीतरी सतत किसकिसत राहिलं. माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"सांगू?"

"बता ना."

"बासरी छान आहे. पण तुम्ही सगळं भरून टाकलंय. मूळ धुनीत जागा आहेत, तिथेच तो माणूस एकटा वाटतो. तुमच्यात त्याच्याबरोबर वरातच निघालीय. आणि त्या झांजा फार टोचतात."

ते हसले, पण मनापासून नाही. "झांजा? त्या तर मी मुश्किलसे वर आणल्यात, आधी ऐकूच येत नव्हत्या. आणि जागा सोडली ना, की तिथे शिट्टीसारखा आवाज येतो. स्पीकर खराब आहे. म्हणून भरावं लागतं."

मी स्पीकरला कान लावला. शिट्टी वगैरे काही नव्हती.

"मला तर नाही येत."

"तुला सवय नाही," ते म्हणाले आणि रिमिक्स तसंच पाठवून दिलं.

काही आठवड्यांनी साइटवरून उत्तर आलं. इंग्रजी होतं, दोघांनी मिळून अर्थ लावला. कल्पना चांगली आहे, सुरुवात मन ओढून घेते, पण वरचे आवाज कानाला इजा करतील इतके तीव्र आहेत आणि पूर्ण रचनेत श्वास घ्यायला जागा नाही. यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"तू हेच म्हणाली होतीस."

"हो."

यांनी नवे हेडफोन आणले. रोज संध्याकाळी झांजा कमी करून मला बोलवायचे. मी ऐकायचे, त्या अजूनही तितक्याच टोचायच्या. "अजून कमी करा," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "अगं, आता तर गायबच झाल्यात." यावरून आमचे खटके उडू लागले. मला वाटे हट्ट करतायत. यांना वाटे मी मुद्दाम खोड काढते. नव्या हेडफोनमध्येही ती शिट्टी होती, तेव्हा हेडफोनही खराब निघाले म्हणून ते दुकानदाराशी भांडून आले.

त्याच हिवाळ्यात यांना ताप आला. यांच्या काखेत थर्मामीटर लावून मी पोळ्या करायला गेले. थर्मामीटरची बारीक टिटी मला स्वयंपाकघरात ऐकू आली. हातातली पोळी करून मी परत आले, तरी ते हात आवळून तसेच बसले होते.

"काढलं नाहीत?"

"वाजलाच नाही अजून."

मी थर्मामीटर काढून पुन्हा लावला आणि शेजारी बसले. तो वाजला. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते खिडकीबाहेर बघत होते, वाट बघत.

"आता वाजला," मी म्हणाले.

यांनी थर्मामीटर काढून कानाशी धरला. मग विचारलं, "झांजा अशाच आहेत का?"

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. नंतर कागदावरची रेघ आम्हाला दाखवली. आधी सरळ जाऊन ती एकदम खाली कोसळली होती. बारीक, उंच आवाज गेले होते, आणि ती शिट्टी स्पीकरची नव्हती, यांच्या कानातलीच होती. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं उघड्या कानांनी काढल्यावर असं होतं, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येणार नाही. निदान आहे ते टिकवायचं तर एक तर ते काम सोडा, नाहीतर कानात रबरी बूच घाला.

बूच घालून ते दोन दिवस कामावर गेले. तिसऱ्या दिवशी बुचं खिशातच होती. "माग कुठे अडतोय ते आवाजावरूनच कळतं," ते म्हणाले. "कान बंद केले तर मला ठेवतील कशाला?" दुसरं काम इथे कोण देणार, हे मी विचारलं नाही. मलाही माहीत होतं.

मग मीच म्हणाले, आपण दोघं मिळून ते रिमिक्स पुरं करू. पडद्यावरची कुठली पट्टी कुठल्या वाद्याची, ते मला सांगत. मी माझ्या कानाने झांजा खाली घेतल्या, तबला काढला, जागा मोकळ्या केल्या. ते कॉम्प्युटरकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आता?"

"आता बरं वाटतं."

"मला तर आता बासरी आणि शिट्टी, एवढंच ऐकू येतं."

ते रिमिक्स साइटवर लागलं. खाली लोकांनी लिहिलं, किती मोकळं, किती शांत वाटतं. मी आनंदाने मोठ्याने वाचत होते. यांनी मधेच थांबवलं.

"बस कर. हे ज्या शांततेची तारीफ करतायत, ती माझ्या कानात नाहीच. हे तुझं झालं."

"असं कसं? धून तुम्हीच बांधली."

"चुका सांगायला तू आहेस, मान्य. पण चूक मला ऐकू तर आली पाहिजे."

त्यानंतर यांनी काही बांधलं नाही. मी आग्रह करून पाहिला, रुसून पाहिलं, एकदा स्वतःच कॉम्प्युटर लावून बसले. ते उठून अंगणात गेले. पुढे कॉम्प्युटर बिघडला, आणि कोणी दुरुस्तीला नेला नाही.

ते अजून त्याच कारखान्यात जातात. आता माझे स आणि श पण त्यांना नीट कळत नाहीत. साखर म्हटलं की काखर ऐकतात आणि वैतागतात. मी थोडक्यात बोलायला शिकले आहे. गाण्याबद्दल तर आम्ही काहीच बोलत नाही. घर शांत झालं की यांची शिट्टी वाढते, ती दबावी म्हणून थंडीतही झोपताना पंखा जोरात लावावा लागतो. मी दोन रजया घेते.