आभार मानले आणि सगळे उठले

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. वडिलांचं कसबा पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझा निकाल लागला त्या दिवशी पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी निकाल ऐकवला आणि मग ट्यूब बाहेर काढली. त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर मला कशाची भीती वाटते, हे घरी सांगायची सोयच नव्हती.

भीती वाटायची ती चार माणसांपुढे बोलायची. कॉम्प्युटरपुढे मी दहा तास बसत असे. पण मीटिंगमध्ये कुणी "तुझं काय म्हणणं?" असं विचारलं की तोंडातून "नो इश्यूज" एवढंच निघायचं. इश्यूज ढीगभर असायचे.

तरी तिसऱ्या वर्षी मला सहा जणांच्या टीमची लीड केलं. आधीचा लीड अमेरिकेला गेला आणि त्याचा कोड माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हता, एवढंच त्याचं कारण. टीमलाही ते माहीत होतं. सुट्टी हवी असली की ते माझ्या टेबलावरून सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचे. जाताना मला "हाय" म्हणायचे, एवढी माणुसकी होती.

मग एक दिवस मॅनेजरनी मला बोलावलं. "पुढच्या महिन्यात क्लायंटकडची तीन माणसं येतायत. टीमनं काय काम केलं ते तू वीस मिनिटं सांगायचं."

"सर, मी स्लाइड्स करते. बोलायला दुसरं कुणी…"

"हे बघ, स्लाइड्स करणाऱ्याला लीड म्हणत नाहीत. जमणार नसेल तर आत्ता सांग, दुसऱ्याला लीड करतो. तू कोड लिही. त्यात तू हुशार आहेस."

'भाजी बरी करतेस' म्हणावं तशा सुरात ते म्हणाले. दुसरा म्हणजे कोण, हेही मला ठाऊक होतं. आमच्या टीममध्ये इंग्लिश मीडियमचा एक मुलगा होता. त्याच्या कोडमध्ये चूक निघाली की तो तिच्याबद्दल असं इंग्लिश बोलायचा, की चूक काढणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हायचं. त्याच्या हाताखाली माझाच कोड लिहायचा, या कल्पनेनं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"जमेल," मी म्हणाले आणि घरी येऊन जेवले नाही.

दोन दिवसांत वडिलांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. सुदैवानं ते गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर होते. शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते दर हिवाळ्यात दहा संध्याकाळ व्याख्यानमाला चालवत.

"ग्रॅज्युएट आहे, तरी बोलायला घाबरते," वडील म्हणाले.

"मग आभार मानायला पाठवा," मास्तर म्हणाले. "दहा वर्षं झाली, त्या कामाला माणूस मिळत नाही."

पुण्यात आभारप्रदर्शन म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. व्याख्यान संपतं, टाळ्या होतात, 'यानंतर आभारप्रदर्शन' असं कुणीतरी म्हणतं आणि अख्खा हॉल चपला शोधायला लागतो.

"तुला लोक बघतात याची भीती वाटते ना?" मी भेटायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले. "इथे कुणी बघणार नाही. तुझ्यासमोर फक्त पाठी असतील."

पहिल्या दिवशी मी कागद घेऊन उभी राहिले. वक्त्यांचं नाव घेईपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. अध्यक्षांपर्यंत पोचले तेव्हा मांडववाल्याचा माणूस खुर्च्या एकात एक घालत होता. पहिल्या रांगेत एकच काका शेवटपर्यंत बसले होते. उरलेले आभार मी त्यांच्याकडे बघून मनापासून मानले. नंतर ते जवळ आले.

"तुम्ही 'ऋणी' हा शब्द तीनदा वापरलात. एकदा पुरे."

"काका, तुम्ही तरी थांबलात."

"माझी काठी तुमच्यामागे टेबलाला टेकवलेली आहे. तुम्ही बाजूला झालात तर मलाही जाता येईल."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. जायचंच आहे ना तुम्हाला, मग मी काय वाटेल ते बोलेन. कागद खाली ठेवला आणि डोळ्यांना दिसलं होतं ते बोलले. तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी व्याख्यान चालू असताना स्वेटरची एक अख्खी बाही विणली, त्यांचे आभार. वक्ते विषयाकडे येईपर्यंत ज्यांनी त्यांचा पाण्याचा पेला तीनदा भरला, त्यांचे आभार. दारापाशी कुणीतरी हसलं. दोन-चार माना वळल्या. काकू परत आल्या आणि "बाही नव्हती हो, पाठ होती," असं मोठ्यानं सांगून गेल्या.

पाचव्या दिवसापासून लोक जरा रेंगाळायला लागले. आपलं काही निघतंय का, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. नवव्या दिवशी तीस-चाळीस माणसं बसून राहिली. मला वाटलं मास्तर पाठ थोपटतील.

"छान," मास्तर म्हणाले. "पण हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचा असतो. उद्या आटोपतं घे."

क्लायंट आला त्या दिवशी कॉन्फरन्स रूम भरलेली होती. तीन पाहुणे, मॅनेजर, त्यांचे साहेब, माझी टीम आणि गर्दी दिसावी म्हणून शेजारच्या टीममधून आणलेली माणसं. मागच्या टेबलावर चहा आणि सामोसे. मी उभी राहिले, गुड मॉर्निंग म्हणाले आणि पुढचं पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. तोंड मात्र दहा संध्याकाळच्या सवयीनं आपल्या वाटेनं चालू लागलं. एवढ्या लांबून आल्याबद्दल पाहुण्यांचे मी इंग्लिशमध्ये आभार मानले. मॅनेजरचे मानले. त्यांच्या साहेबांचे मानले.

आणि सगळी खोली उठली.

कुणी ठरवून उठलं नाही. भाषा इंग्लिश असली म्हणून काय झालं, आभार म्हणजे आभार. खुर्च्या सरकल्या, शेजारची टीम चहाकडे निघाली, इंग्लिश मीडियमवाल्याच्या हातात तर सामोसाही आला. पाहुणे तेवढे बसून होते. त्यांतले एक घड्याळाकडे बघत होते, कारण वीस मिनिटांतलं अजून एकसुद्धा मिनिट झालं नव्हतं. मॅनेजरनी कपाळाला हात लावला.

खोटं वाटेल, पण मला एकदम घरच्यासारखं वाटलं. समोर पाठी होत्या. पाठींचा मला अनुभव होता.

"बसा," मी मराठीत म्हणाले. "अजून काहीच झालेलं नाही."

सगळे बसले. सामोसावाला सामोशासकट बसला.

मग मी स्लाइड्सकडे बघितलंच नाही. नवव्या दिवशी बोलले होते तशी बोलत गेले. चहा पिऊन झाला तरी उघडायची नाही ती स्क्रीन कुणी चार दिवस बसून सुधारली ते सांगितलं आणि त्याला उभं केलं. टेस्टिंग करणाऱ्या दोघींनी माझ्याच कोडमध्ये चूक काढली आणि त्यावरून मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, हेही सांगितलं. पाहुणे हसले. माझं इंग्लिश काही सुधारलेलं नव्हतं. भूतकाळ आणि वर्तमानकाळ एकाच वाक्यात सुखानं नांदत होते. पण एका पाहुण्या बाईंनी "एनी इश्यूज?" असं विचारलं, तेव्हा मी "येस" म्हणाले आणि दोन सांगितले. त्यातला एक त्यांच्याचकडून फाइली उशिरा येतात हा होता. मॅनेजर खोकले. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले.

"बरी बोललीस. पण आभार शेवटी मानायचे असतात."

"शेवटी कुणी ऐकत नाही, सर."

ते जायला वळले. "लीड तूच राहा. सध्या."

पुण्यात 'सध्या' म्हणजे फार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्लिश मीडियमवाला केबिनच्या दिशेनं निघाला. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्याची पावलं मंदावली आणि तो थांबला.

"शुक्रवारी सुट्टी हवी होती. मावसभावाचं लग्न आहे."

शुक्रवारीच काम क्लायंटकडे पोचवायचं होतं.

"मुहूर्त कितीचा?"

"बारा छत्तीस."

"मग अक्षता टाक आणि दोनपर्यंत ये. जेवायला थांबू नको."

तो मान हलवून जागेवर गेला.

शुक्रवारी तो सव्वातीनला आला, व्यवस्थित जेवून, हातात जिलबीचा पुडा घेऊन. पुडा मी ठेवून घेतला आणि त्याला कामाला बसवलं.