डावीकडून सातवा

इस्लामपूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात नाथाजी बाबर टाईम ऑफिसचे कारकून होते. पाळी बदलताना गेटवरच्या खिडकीत बसून हजेरी मांडायची, हे त्यांचं काम. पुढं अंगठ्याचं मशीन आलं आणि खिडकी बंद झाली, पण तोवर अकराशे माणसांचे चेहरे त्यांना पाठ झाले होते. म्हणूनच २०२१ साली ऑफिस सुपरिंटेंडंट वीरधवल मोहित्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"नाथाजी, दोन कपाटं भरून फोटो पडलेत. सगळे कॉम्प्युटरवर घेऊन त्यांची लायब्ररी करायचीय. कुठला कधीचा, त्यात कोण कोण, ते लगेच सापडलं पाहिजे. हे तुमच्याशिवाय दुसऱ्याला जमायचं नाही."

नाथाजींना स्कॅनर कसा चालू करतात तेही ठाऊक नव्हतं. ते शिकले. अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्याचा रंग निघून येई, म्हणून ते शिवणाचा दोरा आत सरकवून एकेक फोटो सोडवायचे. प्रत्येक हंगामाचं वेगळं फोल्डर, प्रत्येक फोटोला नंबर, आणि एका एक्सेल फाईलमध्ये त्या नंबरापुढं डावीकडून ओळीनं माणसांची नावं. चेअरमन, मंत्री सगळ्यांनाच माहीत होते. मागं उभी असलेली माणसं, फिटर, साखर शिजवणारे पॅनमन, गव्हाणीवर ऊस ढकलणारे, त्यांची नावं शोधण्यात दोन वर्षं गेली. नाथाजी नोकरीला लागले १९८९ साली. त्याआधीचे चेहरे विचारायला ते दर रविवारी फोटो पिशवीत घालून मोटारसायकलवरून गावोगाव जायचे.

असेच ते पलूसला मनुबाईंकडे गेले. त्यांचा नवरा केरबा १९८४ साली गव्हाणीच्या साखळीत सापडून मेला होता. नाथाजींनी १९८२ च्या हंगामाची पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाचा फोटो त्यांच्या हातात दिला. मनुबाईंनी तो उन्हाकडं धरला आणि बराच वेळ बघितला. मग बोट ठेवलं.

"ह्यो. डावीकडनं सातवा. ह्योच आमचा."

नाथाजींनी पेन्सिलीनं फोटोच्या मागं नाव लिहिलं. मनुबाईंनी आणखी नऊ जणांची नावं सांगितली, तीही लिहिली. फोटो परत घ्यायला नाथाजींनी हात पुढं केला, तर मनुबाई तो सोडेनात.

"आवं भाऊ, घरात त्येचा येक बी फोटू न्हाई. ह्यो ऱ्हाऊ द्या की."

"मावशी, मागं नावं लिवल्यात, ती कॉम्प्युटरवर चढवायची हायत. लायब्ररी झाली की मोठा करून, फ्रेम घालून आणतो."

मनुबाईंनी फोटो दिला.

नऊ हजार फोटो झाले, आणि त्याच सुमारास कारखाना पंचवीस वर्षांच्या करारानं एका खासगी कंपनीकडं चालवायला गेला. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून प्रांजल नावाची मुलगी आली. तिनं दोन दिवसांत सगळे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर घेतले. आठवड्यानं नाथाजींनी स्वतःच्या लॉगिननं लायब्ररी उघडली. फोटो होते, पण बोटाच्या पेराएवढे लहान, मोठे केले की चेहरे फुटत होते. हंगामाची फोल्डरं नव्हती. जुने नंबर नव्हते. नावांची फाईल तेवढी जशीच्या तशी होती, पण तिच्यातला एकही नंबर आता कुठल्या फोटोचा नव्हता.

त्यांनी प्रांजलला फोन लावला.

"काका, सिस्टीम आपले नंबर टाकते," ती म्हणाली. "तुमची फाईल जोडायची असते हे मला कुणी बोललंच नाही."

"मग जुनं परत घ्या की."

"तुमचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून स्टोअरला दिलाय."

नाथाजी धावत कपाटांच्या खोलीत गेले. तिथं नव्या खुर्च्या रचल्या होत्या. सगळं कॉम्प्युटरवर आलंय म्हणून अल्बम मंगळवारीच रद्दीच्या टेम्पोत गेले, असं शिपायानं सांगितलं. नाथाजी मोहित्यांकडं गेले. पण मोहिते तोवर कारखाना सोडून गेले होते, त्यांचं टेबल मोकळं होतं.

चार महिने ते त्या लहान फोटोंवरून जुने नंबर जुळवत बसले. दोनशेच्या वर जुळले नाहीत. १९८२ च्या फोटोत साखरेच्या दाण्यांसारखी डोकी दिसत होती. मग एका रविवारी ते पलूसला गेले आणि झालं ते सगळं मनुबाईंना सांगितलं.

मनुबाई म्हणाल्या, "तवा ठिवला असता तर ऱ्हायला असता."

"व्हय मावशी."

"त्यात कसा दिसत व्हता त्यो? मला मेलीला आता तोंड बी नीट आठवंना."

नाथाजींनी डोळे मिटले. नऊ हजार फोटोंतले चेहरे एकमेकांत मिसळून समोर आले. "अंगानं बारीक," ते म्हणाले. "मिशी. डोक्यावर टोपी हुती."

"टोपी कवा घालायचा न्हाई त्यो," मनुबाई हळू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

नाथाजी चहा पिऊन निघाले. पुन्हा त्या गावाकडं ते गेले नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि त्याच संध्याकाळी त्यांचं लॉगिन बंद झालं. निदान लायब्ररी बघू तरी द्या, म्हणून त्यांनी दोन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की माजी कर्मचाऱ्यांसाठी तशी सोय नाही.