अंकलचा पहिला प्रश्न

फॉर्म भरायला आलेल्या माणसाला अंकल आधी पगार कधीच विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "आई कुठे असते तुझी?"

मला तेव्हा हा माणूस उगाच गप्पिष्ट वाटला. ह्यूस्टनला बारा वर्षं काढून, अमेरिकन पासपोर्ट घेऊन मी बहरीनला आलो होतो. इथे पगारावर टॅक्स नाही म्हणून खुशीत होतो. पण तो पासपोर्ट घेतला की जगाच्या पाठीवर कुठेही राहा, दर वर्षी अमेरिकेला हिशेब द्यावाच लागतो. इथल्या आम्हा मराठी लोकांत ते जाणणारे एकटे हे वसईचे अंकल. नोकरी हिद्दच्या एका कंपनीत, अकाउंटंटची; बिऱ्हाड झिंजला. पूर्वी एका अमेरिकन साहेबाचे कागद सांभाळता सांभाळता शिकले होते. फी घ्यायचे नाहीत. येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायचा, एवढाच दंडक. गार निघाला तर लहान मुलासारखं तोंड वाकडं करायचे.

"आई सांगलीला," मी म्हटलं.

"तिच्या बँकेच्या खात्यावर दुसरं नाव कुणाचं?"

"माझंच. का?"

अंकलनी पेन खाली ठेवलं. "अरे बाबा, मग ते तुझंही खातं झालं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची यादी द्यावी लागते. इतकी वर्षं दिलीस?"

दिली नव्हती. वडील गेले की आईच्या खात्यावर मुलाचं नाव चढतं, आपल्याकडची रीतच ती. त्याला कुणी आपलं खातं समजत नाही. दंड होऊ शकतो, मोठाही होऊ शकतो, हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन आईला फोन केला, नाव काढून टाकू म्हणालो. ती म्हणाली, "काढ. मला काही झालं तर बँकेचं बघा, असं शेजारच्यांना सांगून ठेवते."

हे कळल्यावर अंकल भडकलेच. "नाव काढायचं मफी, अजिबात नाही! लपवलंस तर भानगड. सांगितलंस तर नुसती एक ओळ."

उशिरा यादी देताना कारण लिहावं लागतं. ते त्यांनी मला मराठीत लिहायला लावलं. म्हणाले, "इंग्रजीत तू वकिलासारखा बोलतोस." मी तीन पानं लिहिली. त्यांनी दोन वाक्यं ठेवली: पैसे आईचे आहेत. तिच्या आजारपणात बँकेत कुणीतरी जावं म्हणून माझं नाव आहे. त्याचंच इंग्रजी करून पाठवलं. पुढे कित्येक महिने पाकीट दिसलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचायचो. दंड आला नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अंकलचा व्हिसा संपला. विमानतळावर मी खुबूस घेऊन गेलो. "गार आहे," म्हणाले आणि पिशवीत ठेवला. मार्चमध्ये आई गेली. हॉस्पिटलचे पैसे मी त्याच खात्यातून, त्याच नावाच्या जोरावर भरले. त्या दिवशी सांगलीच्या बँकेच्या बाकावर बसून मला अंकलची फार आठवण आली.

यंदा फॉर्म भरायला एकटाच बसलो. आईच्या खात्यापाशी हात अडला, तसा वसईला फोन लावला.

"अंकल, हे आता माझ्या एकट्याचं लिहायचं ना?"

"गेल्या वर्षीची यादी ना ही? मार्चपर्यंत होती ना ती?"

"होती."

"मग जॉइंटच. वर्षात एक दिवस जरी ती होती, तरी त्या वर्षी तिचं नाव लिहायचं." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी नाही लिहिता येणार रे."

मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. मग बराच वेळ पुढचं पान उघडलंच नाही.