बास गिटारला शिंगांचा रंग

माझी बास गिटार सेकंडहँड होती, आणि आधीच्या मालकानं तिचे पार हाल केले होते. मुळात ती सहा तारांची साधी गिटार. त्या पठ्ठ्यानं दोन खुंट्या उपटून चार जाड तारा चढवल्या होत्या. खुंट्यांच्या जागी दोन भोकं तशीच. अंगावर विडीचे चटके आणि पोपडे धरलेलं पॉलिश. आवाज मात्र असा घुमायचा, की बस!

जळगावात नोकरी सांभाळून मी एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे नाना म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याला कार्यक्रम ठरला आणि नाना म्हणाले, "हे भिकारडं ध्यान स्टेजवर नको. चकाचक कर, नाहीतर पडद्यामागून वाजव."

माझं डोकंच फिरलं. कारण धुळ्याला माझे वडील, आबा, पहिल्यांदाच माझा कार्यक्रम बघायला येणार होते. आमचं गाव सोनगीरजवळ. पोरगा 'तुणतुणं' वाजवतो म्हणून गावानं त्यांना बरंच चिडवलं होतं. आणि मी पडद्यामागं? छे!

पोळ्याला दोन दिवस आधीच गिटार घेऊन घरी गेलो. गोठ्यात बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल ऑइलपेंट दिसला. उचलला डबा, फासला. सकाळी बोट लावलं तर रंग पॉलिशसकट सालीसारखा हातात. मी डब्याला लाथ मारली.

"अरे, शिंगस्ना रंग शे तो!" आबा धावत आले. मग गिटार बघून हसतच सुटले. "शिंगं साळ्याबिगर रंग धरस का रे?"

शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढं कळू नये! दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत आबा शिंगं आधी तासून गुळगुळीत करायचे, मग रंगवायचे. आबांनी गिटार मांडीवर घेतली आणि काचेच्या तुकड्यानं जुनं पॉलिश खरवडलं. चटक्यांचे खड्डे लाख वितळवून बुजवले. उरलेल्या रंगाचा पातळ हात दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. त्या दोन भोकांपाशी मात्र थांबले. उठून आत गेले आणि शिंगांच्या टोकांना घालायच्या नव्याकोऱ्या पितळी शेंब्या घेऊन आले. एकच जोडी आणली होती. लाखेनं भोकांवर बसवून टाकली.

"आबा, बैलाला काय?"

"त्याले कोठे ऑर्केस्ट्रामा जानं शे?"

पोळ्याला आमचा बैल बोडक्या शिंगांनी मिरवला. लोकांनी विचारलं, तर आबा खुशाल म्हणाले, "यंदा शेंब्या धुळे चालन्यात."

धुळ्यात नानांनी गिटार उलटसुलट करून पाहिली. "ही वाजवायची की औताला जुंपायची?" म्हणाले, आणि मग, "जा, पुढे उभा राहा."

उभा राहिलो. आबा तिसऱ्या रांगेत, धुतलेलं धोतर, मांडीवर टोपी. तीन तास हलले नाहीत. मी इतका खूश होतो की दोनदा सूर चुकलो.

कार्यक्रम संपल्यावर धावत त्यांच्याकडे गेलो. बासचा आवाज नवख्याला वेगळा कळत नाही, हे ठाऊक असूनही विचारलं, "आबा, माझं ऐकू आलं का?"

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"आयकू काही उनं नही रे," ते म्हणाले. "पन तू दिसत व्हता. बठ्ठा वखत तुलेच देखत बसनू."